पोटरी सुजली की बाम नको, आधी डॉपलर सोनोग्राफी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून तरुण माणूस चालता चालता कोसळल्याची बातमी येते आणि ती ऑनलाइन टाकली रे टाकली की खाली पहिली कॉमेंट पडते, "लस घेतली असणार". मग दुसरा लिहितो कोविशिल्ड, तिसरा लिहितो माझ्या मेव्हण्याचं पण असंच झालं, आणि तिथून पुढे मूळ बातमी कुणी वाचतच नाही. मी वाईत मेडिकल दुकान चालवतो. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, पण डॉक्टरकडे जायच्या आधी आणि डॉक्टरकडून आल्यावर माणूस आमच्या काउंटरवर येतोच, त्यामुळे लोक नेमकं काय घेतात, काय सोडतात आणि काय चोळतात हे आम्हाला जरा जास्त दिसतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापून छापलंत तरी चालेल, फक्त इकोस्प्रिनचा, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचा, आणि पोटरीचा भाग कापू नका.

श्वसनाच्या व्हायरल आजारानंतर रक्तात गुठळ्या होतात ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, ती कुणी अफवा म्हणून उडवून लावू नये. पण आपल्याकडे झालंय असं की लोक घाबरतात भलत्याच गोष्टीला, गोळ्या खातात भलत्याच, आणि खरी खूण पायावर ढळढळीत दिसत असते तिला बाम लावून वर गरम पट्टी बांधतात.

२०२० च्या सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं कोरोना म्हणजे न्यूमोनिया, फुफ्फुस भरतं, ऑक्सिजन कमी होतो, संपलं. पण फेब्रुवारीतच वुहानच्या डॉक्टरांनी १८३ पेशंटचा अभ्यास छापला त्यात दिसलं की जे दगावले त्यांच्यापैकी ७१ टक्के लोकांत रक्त गोठण्याची यंत्रणा पार कोलमडलेली होती आणि जे वाचले त्यांच्यात हेच प्रमाण १ टक्क्याच्याही आत होतं. मग एप्रिलमध्ये नेदरलँड्सच्या तीन हॉस्पिटलमधून आयसीयूतल्या १८४ पेशंटचा अहवाल आला, त्यातल्या ३१ टक्क्यांना कुठे ना कुठे गुठळी, आणि त्यात बहुतेक फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत. आणि हे सगळे गुठळी होऊ नये म्हणून आधीच औषध चालू असलेले पेशंट, हे विसरू नका. मे महिन्यात मृतांच्या फुफ्फुसांची तपासणी छापून आली, फक्त सात जणांची होती पण बारकाईने केलेली, त्यात सगळ्यात बारीक केशवाहिन्यांतल्या गुठळ्या फ्लूने गेलेल्यांच्या तुलनेत नऊ पट निघाल्या. तेव्हा कुठे जगभर पेशंटना रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं सर्रास सुरू झाली आणि आपल्याकडे डी-डायमर या रक्ततपासणीचं नाव शेंबड्या पोराला पण पाठ झालं.

आता गुठळी होते कशी, हे मी गिऱ्हाइकाला आमच्या धोमच्या कालव्याच्या पाटावरून सांगतो, कारण इथे ते सगळ्यांना कळतं. पाटाचे काठ ढासळले, पाण्याची ओढ कमी झाली, नाहीतर पाण्यात गाळ वाढला, या तीनपैकी काहीही झालं तरी पाट तुंबतो, आणि तिन्ही एकदम झालं तर मग विचारूच नका. बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्शो नावाच्या डॉक्टरने १८५६ मध्ये शिरेतल्या गुठळीबद्दल जे लिहिलं त्यातून पुढे डॉक्टरांनी हीच तीन कारणं पक्की केली, आजही कॉलेजात तीच शिकवतात. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर दुखावणं, रक्ताचा वेग मंदावणं आणि रक्ताचीच गोठायची वृत्ती वाढणं. मोठा व्हायरल न्यूमोनिया झाला की तिन्ही एका वेळी होतात. व्हायरस आणि त्याच्याशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती मिळून अस्तर सुजवतात, माणूस आठ-पंधरा दिवस अंथरुणाला खिळतो, ताप आणि न पिलेलं पाणी यामुळे अंग सुकतं, आणि सूज आली की लिव्हर रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायला लागतं, प्लेटलेट चिकट होतात, पांढऱ्या पेशी स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात, ती जाळी जंतूला पकडायला असते पण तिच्यात रक्त पण अडकतं. म्हणजे शरीर स्वतःला वाचवायलाच हे करतं. जखम झाल्यावर रक्त थांबायला पाहिजे ना, तीच यंत्रणा. फक्त इथे ती थांबायच्या वेळी थांबत नाही.

हे फक्त कोरोनातच होतं असंही नाही, साध्या फ्लूत पण होतं, प्रमाण कमी. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१८ साली एक अभ्यास आला होता, कोरोनाचं नाव पण कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा, त्यात लॅबमध्ये फ्लू पक्का झालेल्या लोकांत पुढच्या सात दिवसांत हार्ट अटॅकची शक्यता एरवीपेक्षा सहा पट निघाली. सहा पट! आणि आपल्याकडे बीपी, शुगर असलेला साठीचा माणूस फ्लूतून तिसऱ्या दिवशी उठून शेतात जातो नाहीतर लग्नाला जातो आणि छातीत दुखलं तर म्हणतो गॅस झालाय, एक अ‍ॅसिडिटीचं पाकीट द्या. ज्यांना हार्टचा त्रास आहे त्यांनी दरवर्षी फ्लूची लस डॉक्टरला विचारून घ्यावी असं मी सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे असं बघतात जसं काही मी माल खपवतोय.

आता धोका किती आणि किती दिवस, कारण भीतीला आकडा लावला की ती जरा जागेवर येते. स्वीडनमध्ये १० लाखांहून जास्त कोरोना झालेल्या लोकांचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. त्यात पायाच्या खोल शिरेतली गुठळी म्हणजे डीव्हीटी, तिचा वाढलेला धोका साधारण तीन महिने राहिला, फुफ्फुसात अडकलेल्या गुठळीचा सहा महिने, आणि रक्तस्त्रावाचा पण दोन महिने, हो, रक्तस्त्रावाचा पण, ते पुढे येतंच. पहिल्या महिन्यात फुफ्फुसातल्या गुठळीचा धोका तेहतीस पट होता. तेहतीस पट वाचून दचकू नका, कारण प्रत्यक्षात त्या पहिल्या महिन्यात अशी गुठळी झाली ती ०.१७ टक्के लोकांना, म्हणजे हजारात दोघांच्याही आत, आणि त्यात पण घरी बरे झालेल्यांना कमी, अ‍ॅडमिट झालेल्यांना जास्त, आयसीयूत राहिलेल्यांना सगळ्यात जास्त. आणि मुदत बघा, महिने आहेत, वर्षं नाहीत. २०२१ च्या एप्रिलात कोरोना झाला आणि आता इतक्या वर्षांनी पाय सुजला तर त्याचं खापर कोरोनावर फोडून घरी बसू नका, दुसरं कारण शोधा.

इकोस्प्रिनकडे येतो. २०२० च्या मे महिन्यात एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला होता, तुमच्याही फोनवर आला असेल, की इटलीत डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम केलं आणि त्यांना कळलं की कोरोना व्हायरस नाहीच, बॅक्टेरिया आहे, फाईव्ह-जीमुळे होतो, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि अ‍ॅस्पिरिन घेतली की माणूस बरा. पुढे तोच मेसेज रशियाच्या नावाने आला, मग सिंगापूरच्या नावाने, मजकूर तोच. सरकारने खोटा म्हणून जाहीर केलं पण कोण वाचतंय. गंमत म्हणजे त्यात एक कण खरा होता, गुठळ्यांचा, आणि त्या एका कणामुळे बाकी सगळं खपलं. त्यानंतर जी माणसं मनानेच इकोस्प्रिन घ्यायला लागली त्यातली काही अजून घेतायत. घरात एकाला ताप आला की सगळ्यांना अर्धी अर्धी. अहो, या गोळीची नीट परीक्षा झालेली आहे. ब्रिटनमधून चाललेल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये जवळजवळ १५ हजार अ‍ॅडमिट पेशंट होते, निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन दिली, निम्म्यांना नाही, २०२१ मध्ये निकाल छापला, मृत्यू काही कमी झाले नाहीत. गुठळ्या थोड्याशा कमी झाल्या पण तेवढाच मोठा रक्तस्त्राव वाढला. अमेरिकेत घरीच असलेल्या सौम्य पेशंटवर पण ट्रायल झाली, अ‍ॅस्पिरिन आणि अपिक्सबॅन ही रक्त गोठू न देणारी गोळी, दोन्ही वापरून बघितलं, तर मुळात गुठळ्याच इतक्या कमी जणांना झाल्या की ट्रायल लवकर बंद केली.

आणि आपल्याकडे याच्यापेक्षा मोठी भानगड आहे, डेंग्यू. जुलै ते नोव्हेंबर आपल्या भागात ताप आला तर तो कशाचा आहे हे कपाळावर लिहिलेलं नसतं. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि त्यात अ‍ॅस्पिरिन पोटात गेली तर रक्तस्त्रावाला आमंत्रण, म्हणून डेंग्यूचा संशय असला की अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक काही नको, साधी पॅरासिटामॉल. लहान मुलांना तर व्हायरल तापात अ‍ॅस्पिरिन देतच नाहीत, लिव्हर आणि मेंदूला धोका होणारा एक दुर्मीळ पण भयंकर आजार त्याने होतो. तेव्हा गुठळीच्या भीतीने तापात मनाने इकोस्प्रिन घेणं म्हणजे एक संकट टाळायला दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणं. मात्र ज्यांना स्टेंट टाकलाय, बायपास झालंय, आधी अटॅक येऊन गेलाय त्यांनी हे वाचून त्यांची गोळी बंद करायची नाही, तुमचं गणित वेगळं आहे, तुमच्या डॉक्टरलाच विचारा. शिरेत गुठळी झालीच असेल तर तिचं मुख्य औषध पण इकोस्प्रिन नसतं, हेपॅरिन, रिव्हरॉक्सबॅन, अपिक्सबॅन, अ‍ॅसिट्रोम ही मंडळी वेगळी आहेत आणि त्या स्ट्रिपवर लाल रेघ उगाच नाही मारलेली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती घ्यायची नसतात.

लसीचं पण बोलून टाकतो कारण ते न बोलता हे पत्र छापलंत तर खाली तेच सुरू होईल. कोविशिल्ड प्रकारच्या लसीमुळे एक विचित्र गुठळीचा आजार होऊ शकतो हे खरं आहे, कुणी लपवलेलं नाही. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्येच जर्मनी, नॉर्वे आणि ब्रिटनच्या डॉक्टरांनी तो ओळखला, त्यात शरीर प्लेटलेटमधल्या एका प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, मग एकीकडे गुठळ्या होतात आणि दुसरीकडे प्लेटलेट घसरतात, मेंदूच्या शिरेत पण गुठळी होते. ७ एप्रिल २०२१ ला युरोपच्या औषध नियामकाने संबंध मान्य केला. आपल्या केंद्र सरकारच्या समितीने मे २०२१ मध्ये सांगितलं की कोविशिल्डनंतर अशा संशयित २६ केसेस सापडल्या, म्हणजे १० लाख डोसला ०.६१. आपल्याकडे नोंद कमी होते हे मी पण मानतो, जर्मनीत तो आकडा दहाच्या आसपास होता, तर तोच धरा हवा तर. पण हा आजार लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतो. पुण्यात सीरमने कोविशिल्ड बनवणंच डिसेंबर २०२१ पासून थांबवलं. मग २०२४ च्या एप्रिलमध्ये, या लसीमुळे क्वचित असा आजार होऊ शकतो हे मूळ कंपनीने मान्य केलेले लंडनच्या कोर्टातले कागद बातम्यांत आले तेव्हा आमच्या दुकानात लोक विचारत होते की तीन वर्षांपूर्वीची लस आता अंगातून काढता येते का, आणि काहीजण सरळ डी-डायमर करून रिपोर्ट घेऊनच आले होते!

उलट इंग्लंडमधला २०२१ चा अभ्यास बघा, जवळजवळ तीन कोटी लस घेतलेल्यांचा. एक कोटी लोकांमागे कोविशिल्ड प्रकारच्या लसीमुळे शिरेतल्या गुठळ्यांचे जास्तीचे ६६ पेशंट निघाले आणि कोरोना झाल्यामुळे १२,६१४. ६६ कुठे आणि बारा हजार कुठे. अचानक मृत्यूंवर आपल्या आयसीएमआरने देशातल्या ४७ हॉस्पिटलमधून १८ ते ४५ वयाच्या ७२९ मृत्यूंचा अभ्यास केला, २०२३ मध्ये छापला, लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला. धोका वाढलेला दिसला तो कोरोनात अ‍ॅडमिट झालेल्यांत, घरात आधी कुणाचा असा अचानक मृत्यू झालाय त्यांच्यात, मरणाच्या आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत, नशा करणाऱ्यांत आणि दोन दिवसांत अंगापेक्षा जास्त व्यायाम केलेल्यांत. दारूचा मुद्दा कुणी फॉरवर्ड करत नाही, का ते सांगायला नको. तरी जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात हासन जिल्ह्यातल्या हार्ट अटॅकवरून थेट मुख्यमंत्र्यांनीच लसीकडे बोट दाखवलं आणि केंद्राला पुन्हा तेच आयसीएमआर आणि एम्सचे अभ्यास काढून दाखवावे लागले.

असो. आता माझ्या काउंटरवरचं सांगतो, कारण खरी अडचण तिथे आहे.

माणूस न्यूमोनिया होऊन अ‍ॅडमिट होतो, बरा होऊन घरी येतो, डिस्चार्ज कार्डावर सहा-सात औषधं, त्यात एक रक्त न गोठू देणारी गोळी, आणि पुढे लिहिलेलं असतं "चालू ठेवणे". किती दिवस? काही नाही. मी हॉस्पिटलचं नाव घेत नाही, एकाच हॉस्पिटलचं असतं तर पत्र लिहायची गरजच नव्हती, मी तिथेच जाऊन बोललो असतो. मग होतं काय, एकजण महागडी म्हणून दहा दिवसांत बंद करतो, ज्याला खरंच शिरेत गुठळी निघाली होती आणि किमान तीन महिने घ्यायची होती, आणि दुसरा ज्याला गुठळी झालीच नव्हती, फक्त खबरदारी म्हणून दिली होती तो दीड दीड वर्ष घेतोय, जोडीला गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आणि मग पोटात रक्तस्त्राव होऊन काळी शौचाला होते, हिमोग्लोबिन सहावर येतं आणि तेव्हा घरचे म्हणतात कोरोनाने माणूस आतून पोखरला. कोरोनाने नाही हो, आपण पोखरला. ब्राझीलमध्ये याच प्रश्नावर ट्रायल झाली होती, घरी सोडताना ज्यांना गुठळीचा धोका जास्त वाटला अशा ३२० पेशंटपैकी निम्म्यांना रिव्हरॉक्सबॅन १० मिलिग्रॅम दिली, ३५ दिवस. पस्तीस. फायदा झाला, गोळीवाल्यांत ३ टक्क्यांना गुठळीचा त्रास झाला, बाकीच्यांत ९ टक्क्यांना, पण हे निवडून घेतलेले धोक्याचे पेशंट होते आणि गोळीला शेवटची तारीख होती. आपल्या कार्डावर ती तारीख का नसते?

यात काही गुन्हा डॉक्टरांचाच आहे असं पण नाही. फॉलोअपला या सांगितलेलं असतं, लोक जात नाहीत, गाडीभाडं करून साताऱ्याला नाहीतर पुण्याला जायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, त्यापेक्षा मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवायची आणि "तेच द्या" म्हणायचं. आणि काही मेडिकलवाले देतात, आमच्या धंद्यातले हे लोक मला माहीत आहेत, त्यांना या पत्राचा राग आला तर येऊ दे.

डी-डायमरचं पण जरा सांगतो. गुठळी विरघळायला लागली की तिचे जे बारीक तुकडे रक्तात येतात ते म्हणजे डी-डायमर. त्यामुळे डॉक्टरला संशय कमी असताना हा रिपोर्ट नॉर्मल आला तर गुठळी नाही असं बऱ्यापैकी म्हणता येतं, पण जास्त आला म्हणून गुठळी आहेच असं अजिबात नाही, कारण वय वाढलं की तो वाढतो, बाळंतपणात वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, कॅन्सरमध्ये वाढतो, साध्या न्यूमोनियात पण वाढतो. पन्नाशीच्या पुढे तर डॉक्टर वयाला दहाने गुणून येणारी मर्यादा धरतात, म्हणजे सत्तर वर्षांच्या आजोबांना ७०० पर्यंत चालतं. त्यात लॅबची युनिट वेगवेगळी, एक लॅब एफईयूमध्ये देते, दुसरी डीडीयूमध्ये, पहिलीचा आकडा दुसरीच्या साधारण दुप्पट असतो, आणि वरचं ७०० हे एफईयूतलं. गेल्या महिन्यात २४० होता, आता ४८० झाला म्हणून एक बाई रडत आल्या होत्या, दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून बघितले तर दोन्ही जवळपास एकच. असा आकडा बघून घाबरायचं आणि पाय मात्र बघायचा नाही, ही आपली तऱ्हा.

तर पायाचं. खोल शिरेतली गुठळी बहुतेक वेळा एकाच पायात होते. पोटरी सुजते, दुसऱ्या पायापेक्षा जाड दिसते, दाबली की दुखते, गरम लागते, कधी रंग लालसर-निळसर होतो. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा वेगळं, किडनी, हार्ट, नाहीतर बीपीची एखादी गोळी. आपल्याकडे एका पायाच्या सुजेला नावं काय पडतात बघा, गोळा आला, नस आखडली, नस भरली, वात उतरला. आणि उपाय एकच, चोळणे. आमच्याकडे जवळच्या गावातले एक गुरुजी आले होते, रिटायर्ड, फ्लू होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते, ताप कधीच गेलेला पण अशक्तपणामुळे झोपूनच होते, आणि डावी पोटरी दुखते म्हणून बाम आणि इलॅस्टिकची पट्टी मागत होते, घरी सून रोज तेल गरम करून चोळत होती. चोळणं म्हणजे त्यात सगळ्यात वाईट, गुठळी सुटून वर सरकली तर सरळ फुफ्फुसात जाते. मी म्हणलं गुरुजी दुसरा पाय पण दाखवा, दोन्ही पाय शेजारी ठेवले तर फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. बाम दिला नाही, डॉपलर म्हणजे शिरेतलं रक्त नीट वाहतंय का बघणारी सोनोग्राफी करायला पाठवलं, गुडघ्याच्या वर गुठळी निघाली. औषधाचा कोर्स झाला, आता ठणठणीत आहेत, मला अजून ऐकवतात की वीस रुपयांचा बाम मागितला तर या माणसाने मला हजारोंचा खर्च लावला.

सगळ्यांचा पाय आधी सुजतोच असं मात्र नाही. अचानक दम लागणं, श्वास आत घेताना छातीत टोचणं, थुंकीत रक्त, छातीत धडधड, उभं राहिलं की चक्कर येऊन पडणं, असलं काही आजारानंतरच्या आठवड्यांत झालं तर ते अशक्तपणा म्हणून सोडायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं, तिथे सीटी अँजिओ करून फुफ्फुसातली गुठळी कळते. आणि तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडी वळणं हे तर सांगायला नकोच.

काही लोकांनी जास्त जपायला पाहिजे आणि त्यांना कुणी सांगत नाही. बाळंतीण बाई, कारण बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे तसेही गुठळीच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे, आणि आपल्याकडे सव्वा महिना तिला खोलीत झोपवून ठेवायची पद्धत, त्यात घरातल्या कुणाकडून फ्लू लागला तर काठ, ओढ, गाळ तिन्ही जमलं की हो. तिला दिवसातून चार वेळा उठून चालू द्या, पाणी भरपूर पिऊ द्या, पाणी पिल्याने पोट सुटतं वगैरे आजीबाईंचं ऐकू नका. कॅन्सरचे पेशंट, वजन फार असलेले, आधी कधी गुठळी झालेले किंवा घरात कुणाला झालेली, प्लास्टर घातलेले. ताप उतरल्या उतरल्या रात्रभराच्या ट्रॅव्हल्सने नागपूरला निघणारे, त्यांनी बस थांबली की खाली उतरावं, नुसतं पाय लांब करून झोपू नये.

आणि एक गोष्ट जी पुरुष संपादकांच्या पेपरात कधी येत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्न, देवदर्शन, काहीही निघालं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची मागणी सुरू होते, स्वतः बाई क्वचितच येते, नवरा नाहीतर भाऊ येतो आणि हळू आवाजात स्ट्रिपचा फोटो दाखवतो. या गोळ्या पण चिठ्ठीच्याच आहेत. त्यातल्या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनमध्ये बदलतो आणि ज्या बाईला आधीच गुठळीचा धोका आहे तिचा तो आणखी वाढतो, गर्भनिरोधक गोळ्यांचं पण तसंच. गणपती येतात नेमके पावसाळ्यात, व्हायरलची साथ असतेच, आठवडाभर तापाने झोपलेली बाई उठते, तिसऱ्या दिवशी गौरी, आणि पाळी आडवी येते म्हणून गोळी. डॉक्टरला न विचारता ही गोळी मी देत नाही म्हणून गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं हे मला माहीत आहे, आणि घरातल्या सासवांनी जरा मनावर घेतलं तर त्या गोळीची गरजच पडणार नाही हे पण मला माहीत आहे, पण ते माझ्या हातात नाही.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. न्यूमोनिया, फ्लू किंवा कोरोनाच्या प्रत्येक पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर, सरकारी असो की खासगी, मराठीत दोन ओळी छापाव्यात, रक्त न गोठण्याची गोळी कोणत्या तारखेला बंद करायची, की आधी दाखवायला यायचं, आणि एक पाय सुजला किंवा अचानक दम लागला तर कुठे यायचं, फोन नंबरासकट. नवीन मशीन नको, नवीन योजना नको, रबरी शिक्का बनवला तरी चालतो, तो आमच्या बाजारपेठेत दोन-तीनशे रुपयांत तासाभरात बनवून मिळतो. आणि दुसरी, तालुक्याच्या ठिकाणी डॉपलरची सोय आठवड्यातले ठरलेले वार सोडून बाकीच्या दिवशी पण व्हावी, कारण शुक्रवारी संध्याकाळी पोटरी सुजलेल्या माणसाला सोमवारी या म्हणून सांगतात, तो घरी जातो आणि शनिवार-रविवार पाय चोळत बसतो. आरोग्य खात्यातलं कुणी हा पेपर वाचत असेल तर शिक्क्याचा खर्च आमच्या वाईपुरता मी स्वतः द्यायला तयार आहे, तसं लेखी देतो.

आपला,
एक औषध विक्रेता, वाई (जि. सातारा)